गटार, कचरा आणि दिवे: हवामानाचं खरं खातं

गेल्या अंकात लिहिलं होतं की हवामानबदलाचं निम्मं काम नगरपालिकेच्या इमारतीत, तेही सगळ्यात कंटाळवाण्या खात्यांत होतं. त्यावर बरीच पत्रं आली, काही चिडलेली. त्यातली सहा घेतोय. मी नोकरीची बरीच वर्षं ड्रेनेज खात्यात काढलीत, त्यामुळे उत्तरं गटाराकडे झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

सर, जगभरचे कारखाने धूर सोडणार आणि आमच्या एवढ्याशा नगरपालिकेने हवामान आराखडा करायचा? समुद्र चमच्याने उपसण्यातला प्रकार नाही का हा?

चमचा लहान आहे, मान्य. ब्रिटनमध्ये सरकारला हवामानबदलावर सल्ला देणाऱ्या क्लायमेट चेंज कमिटीने २०२० मध्ये हिशोब मांडला होता की कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, स्वतःच्या इमारती, गाड्या वगैरेंचं उत्सर्जन (हवेत सोडले जाणारे तापवणारे वायू) त्या भागातल्या एकूण उत्सर्जनाच्या २ ते ५ टक्केच भरतं. पण बांधकाम परवानगी, रस्ते, बस, कचरा हे सगळं धरलं तर साधारण एक तृतीयांश उत्सर्जनापर्यंत कौन्सिलचा हात पोचतो, असंही त्याच हिशोबात आहे. म्हणजे बघा, एखाद्या इमारतीचा नकाशा मंजूर होतो तेव्हा ती इमारत पुढची पन्नास वर्षं किती वीज खाणार हे बरंचसं त्या एका सहीवर ठरून जातं, आणि सही करणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी फक्त पार्किंग आणि मजले असतात.

शिवाय उत्सर्जन कमी करणं हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे जे येऊ घातलंय त्याच्याशी जुळवून घेणं, आणि ते तर पूर्ण स्थानिकच. तुमच्या गल्लीतलं पाणी कुठली जागतिक परिषद काढायला येणार नाहीये.

दर पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. नगरपालिका म्हणते नालेसफाई शंभर टक्के झाली. आता म्हणे नालाच सिमेंटचा करून रुंद करणार. याने पाणी तुंबायचं थांबेल का?

या पत्राला जरा सविस्तर उत्तर देतो कारण हे माझं दुखणं आहे.

पहिली गोष्ट, पाइप आणि नाले डिझाइन करताना जुन्या पावसाचे आकडे घेतलेले असतात, एका तासात जास्तीत जास्त एवढा पडेल असं धरून. आता हवा एक डिग्री तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, त्यामुळे पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि जुना पाइप कितीही साफ असला तरी तो पुरणार नाही. त्यात मोकळी माती सगळी फरशी आणि काँक्रीटखाली गेली, म्हणजे जे पाणी आधी मुरायचं तेही धावत नाल्याकडेच येतं.

नाला सिमेंटचा केला की पाणी जोरात वाहतं, हे खरंय, पण तो जोर खालच्या वस्तीला भोगावा लागतो. तुमचं पाणी उतरेल आणि त्यांचं चढेल. डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, २ जुलै २०११ ला दोनेक तासांत १५० मिमीच्या आसपास पाऊस झाला आणि शहराची अब्जावधी क्रोनरची (तिथलं चलन) नासाडी झाली. त्यांनी २०१२ मध्ये ढगफुटीचा आराखडा केला, आणि नुसते मोठे पाइप टाकत बसण्याऐवजी बागा, खोलगट मैदानं, काही रस्ते असे घडवायला घेतले की जोरदार पाऊस आला की पाणी तिथे थोडा वेळ थांबेल आणि मग सावकाश जाईल. नेदरलँड्सच्या रॉटरडॅममध्ये बेंथेमप्लाइन नावाचा चौक आहे, २०१३ चा, एरवी पोरं त्यात खेळतात आणि पावसात त्यात १७ लाख लिटरपर्यंत पाणी साठतं. खड्डाच आहे तो, फक्त विचार करून खणलेला.

पण तुमच्या रस्त्याचं मला वेगळंच काहीतरी वाटतंय. एक काम करा, कोरड्या दिवशी पाणी तुंबतं तिथे जा आणि रस्त्याकडेची गटाराची जाळी बघा. माझा अनुभव असा की दर दोन-तीन वर्षांनी जुना थर न खरवडता वरून नवा डांबराचा थर मारत जातात, मग एकतर जाळी डांबराखाली अर्धी बुजते, नाहीतर कुणीतरी हुशारी करून ती उचलून बसवतो आणि ती रस्त्यापेक्षा दोन बोटं उंच होते. पाणी तिच्यापर्यंत येतं आणि बाजूने निघून जातं, आत काही पडत नाही! खालचा पाइप रिकामा आणि वर गुडघाभर पाणी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, झाकण उघडून. आणि नालेसफाईचा गाळ कुठे टाकला तेही बघा. काठावरच ढीग लावला असेल तर पहिल्याच पावसात तो परत आत, कागदावर सफाई मात्र शंभर टक्के.

आमच्या पालिकेने इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या, फोटो आले. एवढ्याने भागतं का?

नाही, पण वाईटही नाही. कचऱ्याची गाडी आणि सिटी बस ठरलेल्या रूटवर फिरतात, सारखं थांब-चाल असतं, रात्री डेपोत उभ्या, म्हणजे इलेक्ट्रिकसाठी एकदम फिट. चीनमधल्या शेन्झेन शहराने २०१७ च्या शेवटी १६ हजारांवर बस सगळ्या इलेक्ट्रिक केल्या. फक्त चार्जिंगची वीज कोळशाची असेल तर शहरातला धूर जाईल, कार्बनमध्ये घट त्या मानाने कमीच.

मग जास्त बचत नेमकी कशात? कमी बजेटवाल्या पालिकेने आधी कशाला हात घालावा?

लोक सोलर पॅनेल म्हणतील, मी म्हणतो पाणीपुरवठ्याचं वीजबिल काढा. हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढवायचं तर नुसत्या गणिताने ०.२७ युनिट लागतं, पंप-मोटारीचा तोटा धरून ०.४ च्या आसपास, आणि हे रोज लाखो-कोटी लिटर चाललेलं असतं. त्यातलं समजा शंभरात चाळीस लिटर गळतीत गेलं, तर तेवढी वीज आपण जमिनीत ओततोय. गळती काढली की पाणी वाचतं, वीज वाचते, कार्बन वाचतो, आणि उन्हाळ्यात टंचाईला तेच पाणी हाताशी. पण पाइपलाइनच्या दुरुस्तीचं उद्घाटन करायला कोण येणार, हा एक प्रॉब्लेम आहेच.

दुसरं, रस्त्यावरचे दिवे. लॉस एंजेलिसने २००९ पासून चारेक वर्षांत सुमारे १ लाख ४० हजार दिवे एलईडी केले आणि तेवढ्या दिव्यांची वीज ६० टक्क्यांवर कमी झाली. हे सगळ्यात सोपं, म्हणून बऱ्याच ठिकाणी होऊनही गेलंय.

तिसरं, ओला कचरा, आणि इथे मात्र मेहनत आहे. डंपिंगवर ढिगाच्या आत हवा पोचत नाही, त्यामुळे अन्न, पालापाचोळा कुजून मिथेन वायू बनतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापदायक आणि वीस वर्षांच्या हिशोबाने ८० पटीच्या आसपास. उन्हाळ्यात डंपिंगला आगी लागतात त्यातही याचा वाटा असतो. तोच कचरा वेगळा घेऊन हवा देत खत केलं की मिथेन फारसा होतच नाही. दक्षिण कोरियाने उरलेलं अन्न थेट डंपिंगला टाकायला २००५ मध्ये बंदी घातली आणि २०१३ पासून जेवढं टाकाल तेवढे पैसे भरा ही पद्धत देशभर आणली. आपल्याकडे येणारी तक्रार एकच, आम्ही घरी वेगळा करतो आणि गाडीत सगळं एकत्र होतं. बरोबर आहे तक्रार. आधी गाडीत दोन कप्पे आणि खताची जागा, मग लोकांना उपदेश, हा क्रम उलटा केला की लोक महिनाभरात कंटाळतात आणि परत वळवणं फार अवघड जातं.

दरवर्षी पाच हजार झाडं लावतात. कुठे जातात ती?

त्याच खड्ड्यात, पुढच्या वर्षीच्या पाच हजारांखाली. लावली किती हे विचारूच नका, तीन उन्हाळ्यांनंतर जिवंत किती ते विचारा. आणि जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत भिडवलेलं काँक्रीट आधी फोडायला सांगा, दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) २०१३ मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. एक मोठं झाड आज सावली देतं, रोपाला वीस वर्षं लागतात.

मी नवीन निवडून आलेली नगरसेविका आहे. आमचा १८० पानी हवामान आराखडा तयार आहे, कव्हर सुंदर आहे. तो खरा आहे की नुसता छापलाय, हे कसं ओळखू?

ताई, आराखडा बाजूला ठेवा आणि बजेट उघडा. आराखड्यातलं प्रत्येक काम बजेटच्या कुठल्या ओळीत आहे आणि कुठल्या अधिकाऱ्याच्या नावावर आहे हे पेन्सिलने लिहीत जा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते काम होणार नाहीये. मग चालू टेंडरं बघा, रस्त्याच्या टेंडरमध्ये जुना थर खरवडायची अट आहे का, नवीन शाळेच्या टेंडरमध्ये सावली आणि पांढरं छत आहे का.

सगळ्याला पैसा लागतो असंही नाही. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३०० वर मृत्यू जास्त झाले, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात होतं काय, तर अंदाज आला की कुणी कुणाला फोन करायचा, दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची, लोकांपर्यंत इशारा कसा पोचवायचा, असलंच सगळं. महागडं मशीन एकही नाही, पण कोणाचं काम कोणतं हे लिहिलेलं होतं.

आणि लक्ष्य चुकलं म्हणून घाबरू नका. कोपनहेगनने २०२५ पर्यंत कार्बन न्यूट्रल, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढणारं शहर, होणार म्हणून जगभर सांगितलं होतं, २०२२ मध्ये जाहीर केलं की जमणार नाही, कचरा जाळण्याच्या प्लांटवर कार्बन पकडायची यंत्रणा वेळेत बसत नव्हती. निदान कुठे अडलं ते उघड सांगितलं तरी! तुमच्या पहिल्या सभेत एवढंच मागा: गेल्या बारा महिन्यांचं पंपिंगचं वीजबिल, आणि त्याच महिन्यांत किती पाणी सोडलं व किती मीटरवर पोचलं त्याचे आकडे. मीटरच बसवलेले नाहीत असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.