फळ्यावर रोज एक ओळ

वाचनालयाच्या फळ्याची जबाबदारी उद्यापासून तुझी, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे 'दिनविशेष'च्या मागे धावू नकोस. जन्म-मृत्यूच्या तारखा कोणी वाचत नाही. शब्द लिही, लोक थांबतात. 'पगार' हा पोर्तुगीज शब्द, तिकडे 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. पाव, बटाटा, चावी, घमेलं, सगळी त्याच जहाजातून उतरलेली मंडळी. हे लिहिलं त्या दिवशी भाजीची पिशवी हातात धरून दोन बायका चांगल्या दहा मिनिटं वाद घालत उभ्या होत्या!

तारीख द्यायचीच तर तिला कारण दे. ६ जानेवारी पत्रकार दिन, हे कोरडं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या दिवशी 'दर्पण' काढलं आणि त्यात मराठीशेजारी इंग्रजी स्तंभही असे, असं लिहिलं की वाचणारा थबकतो.

मी एकदा २७ फेब्रुवारीला 'राजभाषा दिन' लिहून मोकळा झालो. निवृत्त गुरुजींनी खडू मागून घेतला आणि सगळ्यांदेखत खोडलं. तो मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. राजभाषा दिन १ मेला. तेव्हापासून मोबाइलवर फिरत आलेलं काहीही कोश किंवा पुस्तक उघडल्याशिवाय फळ्यावर चढवत नाही. मोल्सवर्थचा कोश आपल्या कपाटात आहे, खालच्या फळीवर.

अक्षर मोठं काढ. चार ओळींच्या वर जाऊ नकोस. आणि ओला फडका आदल्या रात्रीच फिरव, सकाळी फळा वाळत नाही.