हवालदारांचा फोन आला, ठाण्यात जायलाच हवं का?

ताई, तुम्ही आडत दुकानात हिशेब लिहिता. रोकड कमी भरली म्हणून मालकांनी तक्रार केली आणि हवालदारांनी फोनवर सांगितलं, ‘रात्री आठला वडिलांना घेऊन या, मोबाइलही आणा.’ जायलाच हवं का, असं तुम्ही विचारता.

नुसत्या फोनवर जाणं बंधनकारक नाही. पण फोन टाळू नका. शांतपणे विचारा, गुन्हा दाखल झालाय का, आणि मला साक्षीदार म्हणून बोलावताय की संशयित म्हणून? लेखी नोटीस मागा.

साक्षीदार असाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम 179 तुमच्या बाजूने आहे. स्त्रीला किंवा साठी उलटलेल्या माणसाला जबाबासाठी राहत्या घराबाहेर यायला भाग पाडता येत नाही. तुमचे वडील 68 वर्षांचे आहेत, त्यांचा जबाबही घरीच घ्यावा लागेल. संशयित असाल तर त्याच संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस येईल. त्यात ही सवलत नाही, ठरल्या वेळी हजर राहावंच लागतं. पण नोटीस म्हणजे अटक नव्हे. नोकराने केलेल्या अपहाराला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा गुन्ह्यात नोटीस पाळणाऱ्याला कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तरीही धास्ती वाटली तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

खोटं बोलू नका. मात्र ज्या उत्तराने तुम्हीच गुन्ह्यात अडकाल, ते द्यायची सक्ती नाही. राज्यघटनेच्या कलम 20(3) ने तो हक्क दिलाय. तपासातल्या जबाबावर सहीही लागत नाही.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. अशा प्रकरणांत मालकांना समोर बसवून ‘लिहून दे, हप्त्याने भर, विषय संपेल’ असा आग्रह होतो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण मालकांना दिलेला असा कागद तुमच्याविरुद्ध पुढे येऊ शकतो. एक ओळही लिहून देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही. मोबाइल जप्त करायचा असेल तर पंचनामा होऊ द्या आणि त्याची प्रत मागा.

वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वह्या मालकांकडे आहेत, म्हणून तुमच्याजवळच्या भरणा स्लिपा आणि यूपीआयच्या नोंदींच्या प्रती आजच काढून ठेवा. मूळ कागद द्यावे लागले तर पोच घ्या.