पिकोमीटरचे सेंटीमीटर करताना

प्रश्न : मी शिवणकाम करते. मुलगी बारावी सायन्सला आहे. गणितात सोन्याच्या युनिट सेलची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घनाची) बाजू ४०८ पिकोमीटर दिली होती आणि घनता काढायची होती. एका पिकोमीटरचे सेंटीमीटर करताना हिने दहाचा घात उणे १४ घेतला, मैत्रिणीने उणे १०. दोघी हट्टाला पेटल्यात. त्यात क्लासच्या नोट्समध्ये हेच माप अँगस्ट्रॉममध्ये दिलंय. खरं काय धरायचं? — एक पालक, सांगली

उत्तर : मैत्रीण बरोबर आहे. ताई, हे तुम्हीच लेकीला सांगू शकला असता. दोन मीटर कापड म्हणजे २०० सेंटीमीटर. एकक लहान घेतलं की आकडा वाढतो. पिकोमीटर म्हणजे दहाचा घात उणे १२ इतके मीटर. त्याचे सेंटीमीटर करायला शंभराने गुणायचं : उणे १२ अधिक २, झाले उणे १०. लेकीने भागलं. ‘सेंटी म्हणजे उणे दोन’ एवढं पोरांना तोंडपाठ असतं. ते उणे दोन कुठल्या बाजूला लावायचं, तिथे गाडी अडते.

म्हणजे बाजू झाली ४.०८ गुणिले दहाचा घात उणे ८ सेंटीमीटर. आता घन करताना ४.०८चाही करायचा आणि घाताचाही, उणे ८चे उणे २४ होतात. पेपर तपासताना मी आधी हीच ओळ बघायचो. या सेलमध्ये सोन्याचे चार अणू बसतात. त्यांच्या वस्तुमानाला या घनफळाने भागलं की घन सेंटीमीटरला १९.३ ग्रॅम येतात, सोन्याची खरीखुरी घनता. लेकीच्या उणे १४ने किती येतात माहितीये? १९ लाख कोटी ग्रॅम! साखरेच्या खड्याएवढं सोनं जवळजवळ दोन कोटी टनांचं. असं उत्तर आलं की पेन खाली ठेवून मागे जायचं, पुढची पायरी लिहायची नाही.

अँगस्ट्रॉमचं भांडण फुकटचं आहे. स्वीडनच्या उप्साला इथल्या अँगस्ट्रॉम या शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटाचा नकाशा छापला, तेव्हा तरंगलांबी मोजायला मिलिमीटरचा एक कोटीवा भाग घेतला. तेच हे एकक. अणूंची मापं त्यात एक, दोन, चार अशी सुटसुटीत येतात. एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत त्याला जागा नाही, तरी रसायनवाले ते सोडत नाहीत. मीही नाही सोडलं. आपल्या मोजणीत तर हे सगळं फार सोपं आहे : मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की नॅनोमीटर, कोटी केले की अँगस्ट्रॉम, अब्ज केले की पिकोमीटर. त्यामुळे ४०८ पिकोमीटर, ४.०८ अँगस्ट्रॉम, ०.४०८ नॅनोमीटर एकच. परीक्षेत मात्र प्रश्नात जे एकक असेल त्यातूनच सुरुवात करायची.

दोघींना आणखी एक गणित घाला. पेन-पेन्सिलीचं ०.५ मिलिमीटरचं शिसं निव्वळ ग्रॅफाइटचं समजा. ग्रॅफाइटच्या दोन थरांत ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं. तेवढ्या जाडीत थर किती? १५ लाखांच्या आसपास यायला हवेत. दीडच थर आला, तर कुणीतरी मिलिमीटरचे नॅनोमीटर करायलाच विसरलंय.