शोकाच्या वहीतली तक्रार

‘इतके महिने झाले, तरी मी यातून बाहेर का येत नाही?’ ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा अपराधी भावही आता ओळखीचा झाला आहे. जोडीदार गमावलेल्या माणसाला दुःखाबरोबरच ते लांबल्याची लाज वाटू लागते आणि घरचे लोक, काळजीपोटी का होईना, त्या लाजेत भरच घालतात.

वर्तकनगरचे एक निवृत्त गृहस्थ (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पत्नीच्या निधनानंतर वर्ष उलटल्यावर माझ्याकडे आले. रोज रात्री ते तिला उद्देशून कविता लिहीत.

‘मॅडम, मुलगा म्हणतो, बाबा, आता ती वही बंद करा. मला वेड लागलंय का?’

गेलेल्या माणसातून मन काढून घेतले की शोक संपतो, ही धारणा मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडच्या १९१७ मधील निबंधापासून दीर्घकाळ टिकून राहिली. नव्वदच्या दशकात मात्र काही अभ्यासकांनी ठामपणे मांडले की, मृत्यूनंतरही नाते रूप बदलून चालू राहते आणि त्यात विकृत काहीच नाही. माझा कल पूर्वीपासून याच विचाराकडे आहे. म्हणून मी काकांना वही वाचून दाखवायला सांगितले.

कविता सुरेख होत्या. पारिजात, समई, तुळशीवृंदावन. सगळीकडे काकूंची मूर्ती उजळलेली. तीन-चार भेटींनंतर मला त्यातली उणीव जाणवली आणि ती हेरता आली याचे समाधान मला आजही वाटते.

‘काका, या कवितांमध्ये तुम्ही काकूंवर एकदाही रागावला नाहीत.’

‘गेलेल्या माणसावर कोणी रागावतं का?’

‘जनाबाई तर प्रत्यक्ष विठ्ठलाला शिव्या घालते. तिच्या भक्तीवर कोणी शंका घेतली का?’

ते काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीत त्यांनी वहीचे शेवटचे पान उघडले.

‘पोटातली कळ तू पदराआड ठेवलीस,
लग्नाची यादी तेवढी माझ्या हाती दिलीस;
नारळ, सुपाऱ्या, अक्षता मी मोजत राहिलो,
तुझे दिवस मोजायचे राहूनच गेले.’

लेकीचे लग्न पार पडेपर्यंत काकूंनी दुखणे लपवले होते. निदान झाले तेव्हा कर्करोग पसरला होता. तिसऱ्या ओळीवर काकांचा आवाज फुटला. वहीवर तळहात दाबून ते म्हणाले, ‘मला का नाही सांगितलंस गं?’ मी पाण्याचा पेला पुढे केला नाही आणि सांत्वनाचा शब्दही उच्चारला नाही, कारण तो प्रश्न बाहेर पडायला वर्षाहून अधिक काळ लागला होता आणि तो अडवण्याचा अधिकार मला नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी त्यामागचा दुसरा राग सांगितला, तो स्वतःवरचा होता: ‘ती जेवत नव्हती, हे मला दिसत होतं.’

माझ्या अनुभवात शोक अडकतो तो बहुधा अशा न बोललेल्या तक्रारीपाशी. गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवले की त्याच्याशी भांडता येत नाही आणि ज्याच्याशी भांडता येत नाही, त्याला क्षमाही करता येत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्यांनी स्तुतीबरोबर गाऱ्हाणीही लिहावीत, अगदी क्षुल्लक वाटली तरी. घरच्यांनी ‘आता बाहेर पडा’ म्हणण्याऐवजी ‘आज काय लिहिलंत?’ असे विचारावे. काकांच्या मुलाला मी हेच सांगितले. ती कविता ऐकल्यावर लग्नाच्या त्या दिवसांविषयी तोही पहिल्यांदाच वडिलांशी बोलला.

एक भेद मात्र पाळायला हवा. दुःख लांबणे हा आजार नव्हे; परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ आणि वेदना तसूभरही कमी होत नसेल, रोजचे व्यवहारच ठप्प झाले असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. जगणे नकोसे वाटत असेल, तर महिने मोजत बसू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही.