लोगोभोवतीचा पांढरा चौकोन

प्रश्न : आमच्या संस्थेच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मी एडिट करते. कोपऱ्यात संस्थेचा गोल लोगो हवा आहे. ‘पारदर्शक पीएनजी’ म्हणून मिळालेली फाइल लावली, तर मागे पांढरा चौकोन येतो. मग एका अ‍ॅपमध्ये मॅजिक वाँडने, म्हणजे एकसारखा रंग एका क्लिकमध्ये निवडणाऱ्या साधनाने, पांढरं काढलं. आता चौकोन गेला, पण अंधाऱ्या दृश्यांवर लोगोच्या कडेला पांढुरकी रेघ चमकते. सॉफ्टवेअर बदलू का?

उत्तर : मुळीच नको. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हाच चौकोन आणि हीच रेघ दिसेल, कारण दोष फाइलमध्ये आहे. उगाच आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं.

आधी चौकोनाचं बघू. नावापुढे पीएनजी लागलं म्हणून फाइल पारदर्शक असेलच असं नाही. पीएनजीमध्ये लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलांच्या जोडीला चौथं चॅनल ठेवता येतं, ते अल्फा. नेहमीच्या पीएनजीत प्रत्येक पिक्सेल किती दिसावा हे त्यात ० ते २५५ अशा आकड्यांत लिहिलेलं असतं. ० म्हणजे आरपार, २५५ म्हणजे मागचं पूर्ण झाकणारा. जेपीजीमध्ये हे चॅनल नसतंच. लोगो एकदा जरी जेपीजी म्हणून सेव्ह झाला, की आरपार जागेत पांढरा, क्वचित काळा, रंग भरला जातो. त्यानंतर त्याच फाइलची पुन्हा पीएनजी केली तरी गेलेला अल्फा परत येत नाही. म्हणून ही फाइल कुठून कुठे फिरत तुमच्यापर्यंत आली, ते विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली असेल तर घात तिथेच झाला. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

लोगो इंटरनेटवरून उतरवून घेणाऱ्यांची फसगत आणखी मजेशीर असते. शोधताना मागे राखाडी-पांढऱ्या चौकटी दिसतात, माणूस खूश होतो, आणि व्हिडिओवर लोगो चौकटींसकट येऊन बसतो! त्या चौकटी पारदर्शकतेची खूण नव्हत्या, चित्रातच रंगवलेल्या होत्या. यावर माझा उपाय साधा आहे. कोणताही लोगो फुटेजवर नेण्याआधी मी टाइमलाइनवर त्याच्याखाली भडक गुलाबी रंगाचा एक थर टाकतो आणि मग काळा. दोन्हींवर लोगो स्वच्छ दिसला तरच तो पुढे जातो. पांढऱ्यावर तपासण्यात काही अर्थ नाही; तिथे सगळेच लोगो गुणी दिसतात.

आता ती रेघ. तुमचा लोगो गडद निळा आहे असं धरू. गोलाकार कड पिक्सेलच्या चौकोनांत नीट बसत नाही, म्हणून कडेवरचे पिक्सेल अर्धवट व्यापलेले असतात. पांढऱ्या कागदावर काढलेल्या लोगोत अशा पिक्सेलला अर्धा निळा, अर्धा पांढरा, म्हणजे फिकट निळा रंग मिळतो. पांढऱ्यावर तो डोळ्यांना कडेचाच भाग वाटतो. मॅजिक वाँडने तुम्ही पांढरं उचललंत, पण हा फिकट निळा पिक्सेल ‘पांढरा नाही’ म्हणून मागे राहिला, तोही पूर्ण अपारदर्शक. खाली रंगमंचाचा काळोख आला, की तोच उजळ कडं होऊन दिसतो. खरं तर तो पिक्सेल पूर्ण गडद निळा असायला हवा होता आणि त्याचा अल्फा १२८ च्या आसपास. मग त्याच्यात निम्मं निळं आणि निम्मं खालचं फुटेज मिसळलं असतं. हे मिसळण्याचं गणित पोर्टर आणि डफ या संगणक-चित्रणातल्या संशोधकांनी १९८४ मध्ये नीट मांडून ठेवलं आणि तुमचं सॉफ्टवेअरही तेच करतं. त्याला चुकीचा रंग दिलात तर ते चुकीचाच रंग इमानेइतबारे मिसळणार.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ज्यांनी लोगो केला त्यांच्याकडून मूळ व्हेक्टर फाइल मागणं, म्हणजे जिच्यात चित्र पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांत साठवलेलं असतं ती. एसव्हीजी, एआय किंवा पीडीएफ, काहीही चालेल. त्यातून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढा, आणि ती व्हिडिओत लागेल त्या मापाची किंवा थोडी मोठी असू द्या. छोटी पीएनजी ताणून मोठी करू नका. मूळ फाइल मिळतच नसेल, तर वाँडचा नाद सोडून जिंप या मोफत चित्र-संपादन सॉफ्टवेअरमधलं ‘कलर टू अल्फा’ वापरा. ते पांढरं कापून न टाकता प्रत्येक पिक्सेलमधून पांढऱ्याचा वाटा वजा करतं, त्यामुळे कड मऊ राहते. मात्र लोगोच्या आतली पांढरी अक्षरंही आरपार होतात. ती वेगळ्या थरावर परत भरावी लागतील. निव्वळ काळ्या रंगाचा लोगो असेल तर इतकाही खटाटोप नको. ब्लेंड मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळण्याची पद्धत, ‘मल्टिप्लाय’ करा, पांढरं आपोआप नाहीसं होईल. अर्थात काळ्या दृश्यावर लोगोही नाहीसा होईल, हे धरून चाला.

जागेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. १९२० बाय १०८० च्या फ्रेममध्ये डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल सोडले की पाच-पाच टक्क्यांची मोकळी पट्टी राहते. लोगो त्या पट्टीत न नेता तिच्या आतल्या बाजूला ठेवा. फार मोठा करू नका. लोक कार्यक्रम बघायला आलेत.

प्रश्न : आमचा लोगो फिरत येतो. बनवणाऱ्याने एमपी४ दिली, तिच्यात मागे काळं आहे. ‘पारदर्शक एमपी४ द्या’ म्हटलं तर तो म्हणतो, होत नाही. खरं आहे का?

उत्तर : त्याचं खरं आहे. आपण रोज वापरतो त्या एच.२६४ पद्धतीने दाबलेल्या एमपी४ मध्ये व्यवहारात अल्फा जात नाही. त्याच्याकडे प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीतली एमओव्ही फाइल मागा. प्रोरेस ४२२ चालणार नाही, त्यात अल्फा नसतो. हा गोंधळ फार होतो. फाइल अवजड असेल, तक्रार करू नका. व्हीपी९ या दुसऱ्या पद्धतीतली वेबएम फाइलही अल्फा नेते, पण काही एडिटिंग सॉफ्टवेअर ती घेताना कुरकुरतात.

फाइल आल्यावर कडेला काळसर रेघ दिसली तर घाबरू नका. रंग आधीच अल्फाने गुणून ठेवलेले असतात आणि सॉफ्टवेअर पुन्हा गुणतं, म्हणून ती येते. क्लिपच्या गुणधर्मांत अल्फाची पद्धत ‘स्ट्रेट’ असेल ती ‘प्रीमल्टिप्लाइड’ करा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही निवड क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये आहे. आजच एक्स्पोर्ट द्यायचं असेल आणि लोगो उजळ रंगाचा असेल, तर आहे त्या एमपी४ ला ‘स्क्रीन’ हा ब्लेंड मोड लावून वेळ मारून नेता येईल; त्यात मागचं काळं नाहीसं होतं.

प्रश्न : जुन्या सगळ्या व्हिडिओंवर एकच लोगो टाकायचाय. एकेक उघडत बसू? आणि दर्जा घसरेल का?

उत्तर : बसू नका. एफएफएमपेग हे मोफत साधन आहे, त्यातला ‘ओव्हरले’ फिल्टर हेच काम करतो. एका फाइलवर आज्ञा जमली की ती पूर्ण फोल्डरवर फिरवता येते. लोगो चित्रातच मिसळत असल्यामुळे व्हिडिओ पुन्हा एन्कोड होणारच, म्हणजे नव्याने दाबून साठवला जाणारच. ते टळत नाही. हे काम करणाऱ्या एक्स२६४ या एन्कोडरला सीआरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा (जितका लहान तितका दर्जा चांगला), १८ दिला तर फरक सहसा डोळ्यांना कळत नाही, काही न दिल्यास तो २३ धरतो. आवाज मात्र जसाच्या तसा कॉपी करा, त्याला हात लावायचं कारण नाही. लोगोत बारीक लाल अक्षरं असतील तर ती थोडी पुसट येतील, कारण अशा व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या रुंदीची आणि निम्म्या उंचीची साठवतात. त्यांच्यापुरती पांढरी आवृत्ती करून घ्या. आणि मूळ, बिनलोगोचे व्हिडिओ पुसू नका. संस्था लोगो बदलतात.