पोराला सारखं रडवू नकोस

अनेक आशीर्वाद,

एकट्याने देश सोडणाऱ्या खऱ्या मुलांवरच्या तुझ्या कॉमिक्सची पानं बघितली. हात छान चालतोय तुझा, पण पहिल्या पानावर पोराच्या डोळ्यात पाणी, पाचव्यावर पाणी, मग वाचणाऱ्याने रडायचं कधी? एकटं देश सोडून निघालेलं पोर दिवसभर रडत नसतं, ते सारखं काहीतरी ठरवत असतं, बूट काढून झोपू की घालूनच, या माणसाला खरं वय सांगू का, उरलेल्या चार्जिंगमध्ये कुणाला फोन लावू. अमेरिकेच्या सीमेकडे निघालेल्या कितीतरी मुलांच्या हातावर नाहीतर कपड्याच्या आत नातेवाइकाचा नंबर पेनाने लिहिलेला असतो. तो काढ, घामाने एक आकडा पुसट झालेला.

आणि वाट बघणं दाखव ना! कोलंबिया-पनामा सीमेवरचं दारिएनचं जंगल, भूमध्य समुद्रातली रबरी होडी सगळेच काढतात, थरारक दिसतं म्हणून. पण या मुलांचे महिनेच्या महिने कॅम्पात, रांगेत, कागदाची वाट बघण्यात जातात आणि कॉमिक्सला हे मस्त जमतं, तीच खिडकी, तीच चौकट परत परत, फक्त केस वाढलेत आणि पँट आखूड झालीय. युरोपात काही देशांत वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढतात, त्यात वर्ष-दोन वर्षांची चूक सहज होते, म्हणजे १७ वर्षांचं पोर कागदावर सज्ञान ठरून मोठ्यांच्यात जाऊन पडू शकतं. हा प्रसंग पोराच्या उंचीवरून काढ, डॉक्टरचं तोंड चौकटीबाहेर.

आता मुद्द्याचं. फोटोपेक्षा चित्र बरं कारण चेहरा बदलता येतो, कुणी तस्करांच्या तावडीतून सुटलेलं असतं, कुणाची आश्रयाची केस चालू असते, ओळख पटली तर मागे राहिलेल्या घरच्यांना त्रास. पण नुसता चेहरा बदलून भागत नाही हां, भुवईवरची खूण, शाळेचं नाव, निघाल्याची तारीख, यातूनही माणूस सापडतो. दोन-तीन मुलांच्या गोष्टी मिळून एक पात्र कर आणि तसं सुरुवातीलाच लिहून टाक. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १६ खासगीपणाचंच आहे, त्यामुळे आपण काही उपकार करत नाही. पोराला विचार, त्याला सांभाळणाऱ्यांना विचार, कच्चं स्केच दाखव, नको म्हणाले तर ते पान गेलं, कितीही भारी जमलेलं असो.

ते शेवटचं सूर्योदयाचं पान मात्र काढूनच टाक. पोराच्या आश्रयाच्या केसचा निकाल लागलेला नाही तर गोष्टही तिथेच थांबू दे. पुढची पानं पेन्सिलीतच पाठव, रंग नंतर बघू.