बदली कोणाची?

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत वाढली आणि तीन वर्षांपूर्वी तिथल्या सैन्यात भरती झाली. दोन महिन्यांपूर्वी तिच्याच तुकडीतल्या एका वरिष्ठाने तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. हे तिने आईला सांगितलेले नाही, मला फोनवर सांगितले. सकाळच्या हजेरीला तो रोज समोर उभा असतो. तिथे अशा वेळी तातडीने बदली मिळते असे ती म्हणते, पण अर्ज केला तर नोकरीवर डाग लागेल अशी तिला भीती वाटते. माझे यजमान विचारतात की, गुन्हा त्याचा, मग बिऱ्हाड तिने का हलवायचे?
– एक मावशी, नाशिक

उत्तर : आपल्याकडे ‘बदली झाली’ म्हटले की ऐकणारा आधी ‘काय केले होते?’ असे विचारतो, इतकी बदली आणि शिक्षा यांची सांगड आपल्या मनात पक्की बसली आहे. भाचीच्या भीतीचे मूळ तिथेच असावे. अमेरिकी सैन्यातली ही तातडीची बदली मात्र, निदान कागदावर, पीडितेने स्वतः मागायची सोय आहे. ती २०११च्या अखेरीस सुरू झाली. अर्जावर कमांडरने ७२ तासांत निर्णय द्यावा असा मूळ नियम होता, पुढे ही मुदत पाच दिवसांची झाली. तक्रार विश्वासार्ह असेल तर शक्यतो मंजुरीच द्यावी असा नियमाचा कल आहे आणि नकार मिळाल्यास जनरल किंवा तत्सम दर्जाच्या अधिकाऱ्याकडून फेरविचार मागता येतो.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट तिने नीट समजून घ्यावी. तिथे अत्याचाराची नोंद दोन प्रकारे होते. गोपनीय नोंदीत उपचार आणि समुपदेशन मिळते, पण तपास सुरू होत नाही. खुल्या तक्रारीत तपास होतो, आणि तातडीच्या बदलीचा नियम मुळात या खुल्या तक्रारीला जोडलेला आहे. गोपनीय नोंद नंतर खुली करता येते, खुली झालेली मात्र पुन्हा झाकता येत नाही. म्हणून तिने पहिल्यांदा आपल्या सार्जंटकडे न जाता तळावरच्या लैंगिक अत्याचार प्रतिसाद समन्वयकाकडे जावे आणि दोन्ही प्रकारांची माहिती घेऊन मगच फॉर्मवर सही करावी. त्या रात्री तिने मद्य घेतले होते किंवा असा एखादा किरकोळ नियम मोडला होता, या धास्तीने गप्प बसण्याचे कारण नाही, कारण अशा बाबींसाठी शिक्षा न करण्याचे धोरण आता लागू आहे. तिची बाजू मांडणारा स्वतंत्र वकीलही तिला विनामूल्य मिळतो.

यजमानांचा प्रश्न रास्त आहे, आणि अमेरिकी काँग्रेसलाही तो पडला होता. २०१३च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने आरोपीलाच तुकडीतून हलवण्याचा अधिकार कमांडरला स्पष्टपणे दिला. तरीही फरक उरतोच : तिला अर्ज करता येतो, त्याला हलवणे मात्र कमांडरच्या मर्जीवर राहते. टेक्सासमधल्या फोर्ट हूड तळावर २०२० साली व्हनेसा गियेन या तरुण सैनिकेची हत्या झाली; तळावर आपला लैंगिक छळ होत असल्याचे तिने घरच्यांना आधी सांगितले होते. त्यानंतर देशभर संताप उसळला आणि पुढच्या वर्षी सैन्यातल्या लैंगिक अत्याचारांबाबत नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने ८२ शिफारशी केल्या. २८ डिसेंबर २०२३पासून अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही, हा निर्णय कमांडरच्या हातातून काढून स्वतंत्र सैनिकी अभियोक्त्यांकडे देण्यात आला. बदलीचा निर्णय मात्र कमांडरकडेच राहिला. खटल्याच्या बाबतीत ज्याच्या निष्पक्षतेवर विसंबता येत नाही असे ठरले, त्याच्याच टेबलावर तिचा अर्ज अजून जातो, ही विसंगती मला बोचते. शिवाय नव्या तळावर तिच्या येण्याचे कारण मोजक्याच लोकांना कळावे अशी अपेक्षा असली, तरी वर्षाच्या मध्येच एकटी बदलून आलेली मुलगी बराकीत कुतूहलाचा विषय होणारच. नेहमीच्या बदल्यांच्या हंगामात तिला सामावून घेणे आणि बढतीसाठी लागणारे प्रशिक्षण अर्धवट सुटू न देणे, एवढे जरी कसोशीने पाळले गेले तरी डागाची भीती पुष्कळ कमी होईल.

आता आपल्या हातात असलेली गोष्ट. सैन्य सोडल्यावर या आघाताबद्दल माजी सैनिक विभागाकडे मानसिक त्रासाचा भरपाई दावा करता येतो आणि त्या वेळी सैन्यातली अधिकृत तक्रार हाच एकमेव पुरावा धरला जात नाही. जवळच्या नातेवाइकांचे जबाब, त्या काळातल्या डायऱ्या, वागण्यात झालेला बदल हे सारे ग्राह्य असते, आणि त्या नियमात ‘दुसऱ्या ठिकाणी बदलीची विनंती’ हेही उदाहरण दिलेले आहे. म्हणजे आज तिला जो अर्ज डाग वाटतो आहे, तोच उद्या तिची बाजू सांगणारा कागद ठरू शकतो. तिने फोन केला ती तारीख आणि तिचे शब्द आपण आजच एका वहीत लिहून ठेवा आणि तिचे व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका. आईला सांगायचे की नाही, हे मात्र तिचे तिला ठरवू द्या.